कुणावाचून काय अडतं?

गावात सप्ताह बसला की देवळातली एक वस्तू सात दिवस आणि सात रात्री जमिनीला टेकत नाही. ती म्हणजे वीणा. दिवसा भजन-कीर्तनाला दाटी असते, तेव्हा वीणा घ्यायला माणसांची वाण नसते. खरी अडचण रात्रीची. म्हणून मंडपाच्या खांबावर पहाऱ्याची यादी लावलेली असते : बारा ते दोन अमुक, दोन ते चार तमुक.

कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यातल्या ठाणाकुशनूरपासून सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या उदगीर-देगलूरपर्यंत पसरलेल्या मराठी बोलणाऱ्या पट्ट्यातलं असंच एखादं गाव डोळ्यांपुढे आणा. यादीत दोन ते चारच्या पहाऱ्याला पंचाहत्तरीतल्या एका आजोबांचं नाव आहे. एरवी घरात त्यांना दिवसातून दहा वेळा ऐकावं लागतं, ‘बसा गप, पडताल कुठं तरी.’ त्या रात्री मात्र पावणेदोनला ते धोतर सावरतात, काठी घेतात आणि निघतात. त्यांना कुणी अडवत नाही, उलट नातू बॅटरी घेऊन पुढे होतो. देवळात आधीचा पहारेकरी जांभया देत त्यांची वाट बघत असतो. हे आले की तो वीणा स्वतःच्या गळ्यातून काढून यांच्या गळ्यात घालतो, पायाला हात लावतो आणि घरी जातो. हे आले नसते, तर तो तिथेच अडकला असता.

सप्ताह संपतो, काल्याचा प्रसाद वाटला जातो. दुसऱ्या दिवशी आजोबा पुन्हा ओसरीवर. गुडघे तेच, मोतीबिंदू तोच, वयही तेच. पण काल रात्री ज्यांच्यासाठी एक माणूस खोळंबला होता, त्यांच्यासाठी आज कुणीच खोळंबलेलं नाही. या प्रकरणाचा विषय एवढाच आहे : त्या दोन दिवसांमधला फरक.

मान म्हणजे काम

मराठीत ‘मान’ हा शब्द आपण दोन तऱ्हांनी वापरतो. शहरात मान म्हणजे आदर, म्हणजे मनातली एक भावना. गावात मान म्हणजे काम. जत्रेत पालखीचा पहिला खांदा कुणाचा, पोळ्याला वेशीतून पहिला बैल कुणाचा, होळी कुणी पेटवायची, हे सगळे ‘मान’. तो ज्याच्याकडे असतो तो मानकरी. मानकऱ्याबद्दल गावाच्या मनात फार प्रेम असेलच असं नाही. त्याच्याशी बांधावरून भांडणही चालू असेल. पण तो आल्याशिवाय पालखी हलत नाही. मानाची जागा ठरलेली, वेळ ठरलेली, पोशाख ठरलेला आणि सोबतची माणसंही ठरलेली असतात. ज्याच्यावाचून अडतं तो मानकरी, ही गावाची साधी व्याख्या आहे.

या व्यवस्थेला एक मोठी खोट होती. मान जातीने वाटले जात. काहींच्या वाट्याला पालखी आली, काहींच्या वाट्याला गावाची घाण उपसणं आलं, आणि ते दुसरं कामही अडणारंच होतं, पण त्याला मान कुणी म्हटलं नाही. या खोटीवर घाव घालणारी मोठी चळवळ याच मातीत झाली. ठाणाकुशनूर ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातल्या बसवकल्याणला, बाराव्या शतकात, बसवेश्वरांभोवती जमलेल्या शरणांनी, म्हणजे भक्तांनी, ‘कायक’ हा विचार मांडला. प्रामाणिकपणे केलेलं कोणतंही काम म्हणजेच पूजा, आणि ते प्रत्येकाने केलं पाहिजे. परटाचं काम करणारे माचिदेव, नावाडी चौडय्या, चर्मकार हरळय्या, दोर वळणारे चंदय्या ही त्या मेळ्यातली नावं आहेत, आणि आजही त्यांची ओळख त्यांच्या कामासकटच सांगितली जाते. काम लपवून मोठेपण दिलेलं नाही, कामालाच मोठेपण दिलं.

मॅनहाइमचा मुलगा आणि ‘कायमचं लेकरू’

माणसाचा मान त्याच्या कामातून येतो, हीच गोष्ट विसाव्या शतकात एका मानसशास्त्रज्ञाने वेगळ्या वाटेने शोधून काढली. वुल्फ वुल्फेन्सबर्गर १९३४ मध्ये जर्मनीतल्या मॅनहाइम शहरात जन्मला आणि पुढे अमेरिकेत गेला. बौद्धिक अपंगत्व असलेली हजारो माणसं तिथे तेव्हा प्रचंड मोठ्या संस्थांमध्ये कोंडलेली होती. डेन्मार्कचे बँक-मिकेल्सन आणि स्वीडनचे बेंग्ट निर्ये यांनी म्हणायला सुरुवात केली होती की या माणसांनाही चारचौघांसारखा दिवस मिळाला पाहिजे : सकाळी उठणं, कामाला जाणं, सुट्टी घेणं. वुल्फेन्सबर्गरने हा विचार १९७२ मध्ये पुस्तकरूपाने विस्ताराने मांडला. पण त्याचं तेवढ्यावर समाधान झालं नाही. चारचौघांसारखा दिनक्रम मिळूनही माणूस चारचौघांच्या हिशेबात नसतो, हे त्याला दिसत होतं. १९८३ मध्ये त्याने आपल्या विचाराला नवं नाव दिलं, ‘सोशल रोल व्हॅलरायझेशन’. आपल्या शब्दांत सांगायचं तर, माणसाला मानाची भूमिका मिळवून देणं आणि मिळालेली टिकवणं.

त्याचं म्हणणं असं : समाज माणसाशी वागतो ते त्याच्या भूमिकेकडे बघून. आदर, मित्र, शेजार, चार पैसे, बोलण्याला किंमत या आयुष्यातल्या चांगल्या गोष्टी भूमिकेच्या पाठोपाठ येतात. आणि ज्याला चांगली भूमिका मिळत नाही, त्याला भूमिकाच नसते असं नाही, त्याच्यावर वाईट भूमिका लादली जाते. या वाईट भूमिकांची त्याने यादीच केली. ती वाचताना आपल्या गल्लीतली माणसं आठवतात. कायमचं लेकरू. कीव करण्याची वस्तू. दानधर्माचं निमित्त. हसण्याचा विषय. रोगी. धोका. देवाघरचा निष्पाप जीव. आणि शेवटची, जिला मराठीत तयार शब्द आहे : मेल्यात जमा.

भूमिका सुधारायला त्याने दोन दोऱ्या सांगितल्या. एक, माणसाची क्षमता वाढवणं. दुसरी, त्याची प्रतिमा सांभाळणं. दोन्ही एकमेकींना ओढतात. दुसऱ्याचा उतरलेला ढगळ सदरा घालून बसलेल्या माणसाला कुणी हिशेब विचारत नाही. हिशेब विचारला नाही की तो हिशेब विसरतो. विसरला की लोक म्हणतात, ‘बघा, त्याला काय येतंय?’

नावांतली ओझी

सरकारी योजनांची नावं या नजरेने वाचून पाहा. महाराष्ट्रात ‘निराधार’ योजना आहे. पैसे मिळवायचे तर आधी स्वतःला निराधार लिहून द्यायचं. वृद्धांसाठी ‘श्रावणबाळ’ आहे. नाव गोड, पण त्या कथेत मान कुणाचा? श्रावणाचा. आईबाप कावडीत बसलेले, आंधळे आणि तहानलेले. सीमेच्या अलीकडे कर्नाटकात वृद्धांच्या पेन्शनचं नाव ‘संध्या सुरक्षा’ आहे, म्हणजे दिवस मावळलाच म्हणायचा. या सगळ्यांना मिळून एक शब्द : लाभार्थी. ज्याला मिळतं तो. ज्याच्याकडून काही मिळतं तो नव्हे.

‘दिव्यांग’ हा शब्द गेल्या दशकात रूढ झाला. हिणवणाऱ्या शब्दांच्या जागी तो आला हे चांगलंच. पण वुल्फेन्सबर्गरच्या यादीत देवाघरचा जीव हीसुद्धा एक अडचणीची भूमिका आहे. देवाच्या माणसाला आपण हात जोडतो. त्याला दुकानात कामाला ठेवत नाही, सोयरीक सांगत नाही, पतपेढीच्या संचालक मंडळावर घेत नाही. १ ऑक्टोबरला ज्येष्ठांचा आणि ३ डिसेंबरला अपंगांचा जागतिक दिन असतो. त्या दिवशी शाल-श्रीफळ होतं. सत्कारमूर्ती ही एका दिवसाची भूमिका आहे. ती व्यक्ती आली नाही तर नारळ घरी पोचवता येतो, काहीच अडत नाही.

पेन्शन नको असा याचा अर्थ मुळीच नाही. म्हातारीच्या कमरेच्या पिशवीत स्वतःचे पैसे असले की नातवाला बिस्किटचा पुडा देणारी आजी ही भूमिका तिला पुन्हा मिळते. पैसा भूमिकेला खतपाणी घालतो. पण नुसत्या खताने पीक येत नाही.

टेबलाच्या पलीकडची खुर्ची

२०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती आणि साठी ओलांडलेली १० कोटींहून अधिक माणसं नोंदली गेली. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने अपंगत्वाचे ७ प्रकार होते ते २१ केले आणि सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण ३ वरून ४ टक्के केलं. पण कायदा गावापर्यंत पोचतो तो कागदाच्या रूपाने. प्रमाणपत्र, ओळखपत्र, आधार, बँक पासबुक. आणि ज्याला हे सगळं सर्वांत जास्त लागतं, त्यालाच तालुक्याच्या गावी जाणं सर्वांत अवघड.

कर्नाटकाने यावर काढलेला एक उपाय मानाच्या भूमिकेचा उत्तम नमुना आहे. ग्रामपंचायतीच्या पातळीवर ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता नेमायचा आणि त्यासाठी स्वतः अपंगत्व असलेलीच व्यक्ती घ्यायची. तिने पंचायतीतल्या गावांत फिरून अपंग माणसांची नोंद करायची, प्रमाणपत्रं आणि पेन्शनचे अर्ज मार्गी लावायचे, मूल शाळेबाहेर असेल तर शाळेत पोचवायचं. तालुक्याला अशा कार्यकर्त्यांवर देखरेख करणारी व्यक्तीही अपंगच. ज्या खात्याची ही योजना आहे, त्याच्या नावातच ‘विकलचेतन आणि ज्येष्ठ नागरिक’ असे दोन्ही शब्द शेजारी आहेत.

या योजनेचं मर्म समजायला पंचायतीच्या कचेरीतलं टेबल डोळ्यांपुढे आणावं. एका बाजूला लाभार्थींची रांग. दुसऱ्या बाजूला खुर्चीवर, रजिस्टर उघडून बसलेला माणूस, ज्याच्या कुबड्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या आहेत. रांगेतल्या पोलिओ झालेल्या पोराची आई अर्जाबरोबर त्या कुबड्यांकडेही बघते. सीमेवरच्या गावात या माणसाचं मोल आणखी वाढतं, कारण अर्ज कानडीत असतो आणि रांग मराठीत बोलते. तो एका दिवसाच्या रजेवर गेला तर लोक विचारतात, ‘आज आले नाहीत का?’ त्याला पगार मिळत नाही, मानधन मिळतं, आणि ते वाढावं म्हणून या कार्यकर्त्यांना मागण्या कराव्या लागल्या आहेत. मान आहे पण धन तुटपुंजं, ही या भूमिकेची दुखरी बाजू आहे.

भाजीला गिऱ्हाईक नव्हतं

बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभं करायला घेतलं तेव्हा गाठीला सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये होते, असं सांगतात. जमीन फोडली, विहीर खणली, भाजी पिकू लागली. पण महारोग्यांच्या हातची भाजी घ्यायला गाव तयार नव्हतं. क्षमता आली होती, प्रतिमा आली नव्हती. वुल्फेन्सबर्गरच्या दोन दोऱ्यांपैकी एकच हातात होती.

पुढे त्याच आनंदवनाने साठच्या दशकात वरोऱ्याच्या मुलांसाठी महाविद्यालय उभं केलं. ज्यांना गावाने वेशीबाहेर काढलं, त्यांच्या कष्टांनी उभ्या राहिलेल्या इमारतीत गावची पोरं पदवी घेऊ लागली. घेणारा होता तो देणारा झाला. औषधाने रोग बरा झाला होता. माणूस गावात परतला तो या अदलाबदलीने.

गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमाची वाट वेगळी, पण पोचते तिथेच. पंचाक्षरी गवई (१८९२-१९४४) स्वतः अंध. त्यांच्यामागे आश्रम सांभाळणारे पुट्टराज गवई (१९१४-२०१०) हेही अंध. त्यांनी अंध आणि गरीब मुलांना सांभाळलं, पण अंधांचं वसतिगृह काढून ते थांबले नाहीत. संगीताचं गुरुकुल चालवलं. तिथून बाहेर पडलेला मुलगा ‘आश्रमातला आंधळा’ न राहता गवई झाला, शिक्षक झाला. डोळस शिष्यही त्याच ओळीत बसून शिकले. बसवराज राजगुरू हे पंचाक्षरी बुवांचे शिष्य आणि व्यंकटेश कुमार हे पुट्टराज गवयांचे. डोळस माणूस अंधाकडे काही घेण्यासाठी येतो आणि पाया पडतो, तेव्हा कीव कुठे ठेवायची हे त्यालाच कळत नाही.

गुलाबी नऊवारी

वृद्धांसाठी मानाची भूमिका म्हणून ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातलं फांगणे गाव पाहण्यासारखं आहे. ८ मार्च २०१६ ला तिथे ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या पाटी-दप्तर घेऊन येऊ लागल्या. त्यांची इच्छा साधी होती : पोथी आपल्याला वाचता यावी, आणि अंगठ्याऐवजी सही करता यावी.

इथे एक धोका होता. म्हाताऱ्या माणसाला पाटी-दप्तर दिलं की ते सहज कायमचं लेकरू होतं. टाळ्या वाजवायच्या, बडबडगीतं म्हणवून घ्यायची, फोटो काढायचे. फांगण्याचा गणवेश मात्र गुलाबी नऊवारी आहे, बाईच्या वयाला शोभणारा, सणावाराला नेसावा असा. आणि शिकण्याचा हेतू मोठ्या माणसाचा आहे : पारायणाला बसणारी बाई ऐकणारी होती, ती वाचणारी व्हावी. अशी शाळा दुसऱ्या गावात काढायची झाली तर नक्कल या दोन गोष्टींची करावी. फोटोंची करू नये.

झिंबाब्वेमध्ये आज्यांना विद्यार्थिनीची नाही, तर समुपदेशकाची भूमिका मिळाली. डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञाने २००६ मध्ये हरारे शहरातल्या एम्बारे वस्तीत चौदा आज्यांना हाताशी धरलं, कारण देशात मनोविकारतज्ज्ञच मोजके होते. आज्या दवाखान्याच्या आवारात लाकडी बाकावर बसत आणि येणाऱ्याचं मन हलकं करत. बाकाला आधी मानसिक आरोग्याचं नाव दिलं होतं तेव्हा कुणी फिरकेना. आज्यांनीच सुचवलं, मैत्रीचा बाक म्हणा. ‘डिप्रेशन’साठी त्या जो स्थानिक शब्द वापरत, त्याचा अर्थ ‘फार विचार करणं’. आपल्याकडेही बायका हेच म्हणतात, ‘लई इचार करतीय ती.’ २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या बाकाचा रुग्णांना स्पष्ट फायदा दिसला. आज्यांना वैद्यक शिकवलं नाही. त्यांच्याकडे वयाने जमलेलं जे होतं, त्याला बाक आणि वेळ ठरवून दिली.

कुत्रं कोण हाकलणार?

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. ही म्हण आपण गाफीलपणासाठी वापरतो आणि हसतो. पण म्हणीत नीट पाहिलं तर ती बाई दळते आहे. तिच्या हाताला जात्याचा खुंटा माहीत आहे, मूठभर घास किती टाकायचा ते माहीत आहे. पीठही पडतं आहे. तिच्या कामात उणं काही नाही, उणीव आहे ती शेजारी बसून कुत्रं हाकलणाऱ्या पोराची. आपण मात्र उपाय काय करतो? तिच्या हातातलं जातं काढून घेतो. ‘बस आता, आराम कर.’

भूमिकेला आधार देणं म्हणजे कुत्रं हाकलणं. रोजगार हमीच्या कामांत याचं सुरेख उदाहरण होतं. मजुरांच्या गटाच्या मुकादमाला कर्नाटकात ‘कायकबंधू’ असं नाव दिलं गेलं, बसवेश्वरांचा शब्द आठशे वर्षांनी मातीकामावर आला. साठीपुढच्यांना आणि अपंगांना खोदाईच्या मापात निम्मी सवलत ठेवली. कामावर पाणी पाजणं, लेकरं सांभाळणं ही कामंही त्यांच्यासाठी होती. माप कमी केलं, हजेरीपटावरचं नाव कमी केलं नाही.

घरातही हेच करता येतं, फक्त प्रश्न बदलावा लागतो. ‘यांना काय जमत नाही?’ हा डॉक्टरांचा प्रश्न झाला. आपण विचारायचं, हे आधी कोण होते, आणि त्यातलं काय सुटलं? शेतकरी होते, गुडघ्यांमुळे शेत सुटलं. मग तुरीची रास होते त्या दिवशी गाडीत घालून खळ्यावर न्या, खुर्ची द्या, वही द्या. पोती मोजून लिहिण्याचं काम त्यांचं, आणि अडत्याशी भावाचं बोलणं त्यांनीच करायचं. मुलगी ऐकू न येणारी असेल तर पिठाच्या गिरणीत पाठीमागे बसवू नका, वजनकाट्यापाशी बसवा, आकडा डोळ्यांना दिसतो. बुद्धीने मंद म्हटला जाणारा तरुण पहाटे घरोघरचं दूध डेअरीवर पोचवू शकत असेल, तर त्याला ‘बाळ’ म्हणणं थांबवा. त्याला नाव आहे, त्या नावाने हिशेबाची वही करा.

आणि जी अंथरुणाला खिळली आहे तिचं काय? तिचीही भूमिका संपत नाही. पहाणीवर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, तिचं नाव असेल तर ती जमिनीची मालकीण आहे, सहीसाठी कागद पुढे करण्याआधी तो तिला वाचून दाखवला पाहिजे. ती मतदार आहे. लग्नपत्रिकेवर आशीर्वाद देणारी आहे. लग्न ठरवताना तिला आधी सांगायचं की शेजाऱ्यांकडून तिच्या कानावर जाऊ द्यायचं, एवढ्यावर तिची भूमिका राहते किंवा जाते.

एक सावधगिरी मात्र हवी. मानाच्या नावाखाली वेठबिगारी होऊ नये. लेक-सून कामासाठी हैदराबादला, पुण्याला गेलेले, आणि इथे चार नातवंडं, दोन म्हशी आणि रेशनची रांग एका आजीच्या गळ्यात. तिच्यावाचून फार अडतं, पण तिला ‘नाही’ म्हणायची सोय नाही. मानकऱ्याला आमंत्रण द्यावं लागतं. त्याचा होकार लागतो. पहाऱ्याच्या यादीत नाव लिहिण्याआधी विचारतात.

तेव्हा पुढच्या सप्ताहाची यादी करताना दोन गोष्टी करून पाहाव्यात. ज्यांचं नाव ‘आता त्यांना नाही झेपत’ म्हणून वगळलं, त्यांना जाऊन विचारावं. आणि विणेकऱ्याच्या जागेपाशी एक खुर्ची ठेवावी. बसून घेतलेली वीणाही जमिनीला टेकलेली नसते. मग रात्री दोन वाजता कुणी तरी देवळाच्या पायरीवर येऊन अंधारात बघेल आणि थोडं चिडूनच म्हणेल, ‘आज्जा अजून कसे आले नाहीत?’